"त्यांच्या नकळत देता येईल असं औषध आहे का, मॅडम?"

दारू पिणाऱ्याची बायको, आई किंवा बहीण माझ्यासमोर बसली की हा प्रश्न येतोच. सुनीताताईंनी (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) तर पर्समधून डबीच काढून टेबलावर ठेवली. कुरिअरने मागवलेली पांढरी पावडर. भाजीत किंवा चहात मिसळायची, पेशंटला कळत नाही, अशी जाहिरात. आत काय आहे, ते डबीवर कुठेच छापलेलं नव्हतं.

"अजून घातली नाही ना?" मी आधी तेच विचारलं. अशा पुडीत काहीही असू शकतं. दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ते डायसल्फिराम असेल तर धोका मोठा. हे औषध घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य साठतं. चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असेल तर जीवही जाऊ शकतो. ज्याला गोळी दिल्याचं ठाऊकच नाही, तो माणूस संध्याकाळी नेहमीसारखा पिणारच!

बोलता बोलता ताई म्हणाल्या, "मनात आणलं तर ते सोडू शकतात हो. मागच्या श्रावणात सोडलीच होती. पण तिसऱ्या दिवशी अंग थरथरायला लागलं, भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. सासूबाईंनी देवऋषाकडे नेलं. शेवटी दिरांनी क्वार्टर आणून पाजली, तेव्हा कुठे शांत झाले."

हे बाहेरचं नव्हतं आणि मनाचा कमकुवतपणाही नव्हता. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या ब्रेकला सरावतो. ब्रेक एकदम काढला की तो बेफाम धावतो. शेवटच्या पेगनंतर काही तासांतच हात कापू लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भास, भ्रम. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. गटारी साजरी करून दुसऱ्या दिवसापासून कडक श्रावण पाळणाऱ्या घरांना हे कोणी सांगत नाही.

नवऱ्याला आणायचं कसं? 'व्यसन' हा शब्द काढलात तर ते येणार नाहीत, असं मी ताईंना म्हटलं. सकाळी, शुद्धीत असताना, घरातलं कोणी जवळ नसताना एवढंच बोला: "तुमचे हात कापतात, मला भीती वाटते, एकदा दाखवून येऊ."

ते आले. मी झोपेपासून सुरुवात केली. मग विचारलं, "सकाळी हात स्थिर व्हायला किती लागते?"

"नाइंटी," ते म्हणाले आणि खाली बघत राहिले. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली आम्ही वापरतो. त्यात 20 किंवा जास्त गुण आले, तर माणूस दारूवर अवलंबून असण्याची शक्यता मोठी. त्यांचे 27 आले, पण मला त्या 'नाइंटी'तच कळलं होतं.

मानसोपचारतज्ज्ञांनी दाखल करून घेतलं. दारू सुटतानाचा त्रास आवरणाऱ्या क्लोरडायझेपॉक्साइडचा डोस रोज थोडा कमी करत आणला, सोबत थायामिनची (बी-1 जीवनसत्त्वाची) इंजेक्शनं. (सलाइन लावलं की माणूस तरतरीत होतो असं आपण समजतो, पण अशा पेशंटला थायामिनआधी ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते.)

पुढे तलफ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोनचा पर्यायही डॉक्टरांनी सांगितला. यकृत आणि हृदयाच्या तपासण्या ठीक निघाल्यावर ताईंच्या नवऱ्याने स्वतः निवडलं ते मात्र डायसल्फिराम! नाश्त्यानंतर ताईंच्या समोर गोळी घ्यायची, असं दोघांत ठरलं. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत परिणाम राहू शकतो, म्हणून अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधही वर्ज्य, हे दोघांना समजावलं.

पुतण्याच्या हळदीला ते प्यायले. आधीच हिशेबाने गोळ्या बंद केल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, पैसे पाण्यात गेले. मी मात्र विचारलं, सांगायला कोण आलं? ते स्वतःच आले होते, तेही तिसऱ्याच दिवशी. रक्तदाब किंवा साखर वाढली म्हणून उपचार फुकट गेले, असं आपण म्हणत नाही. डॉक्टरांनी पुन्हा तपासून गोळ्या सुरू केल्या आणि लग्नसराईचे दिवस कसे काढायचे, यावर आम्ही बोललो.

तुमच्या घरी असं कोणी असेल, तर 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. डॉक्टरांकडे जाताना शेवटचा पेग कधी घेतला, रोज किती आणि पूर्वी सोडताना फिट किंवा भास झाले होते का, एवढं कागदावर लिहून न्या.