कुलूप आधी काढा

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला ए ग्रेड आहे. तिला नाटकांचं नेपथ्य करायचं आहे. आम्ही म्हणतो, आर्किटेक्चर कर आणि पडदे रंगवणं छंद म्हणून ठेव. सहामाहीत गणितात 52 आले, म्हणून तिचे रंग-कागद कपाटात कुलूप लावून ठेवलेत. हल्ली ती घरात फारशी बोलत नाही. तिला कसं समजवावं?
– एक पालक, सांगली

उत्तर : नमस्कार. गणिताच्या 52 गुणांची मला फारशी काळजी वाटली नाही, कुलपाची वाटली. गुण कमी पडले म्हणून मुलीला सर्वांत जवळची असलेली गोष्ट तुम्ही काढून घेतलीत आणि ती बोलायची थांबली. यात तिला समजवण्यासारखं काही नाही. कपाट आजच उघडा आणि चूक झाली असं तिला स्पष्ट सांगा. गणिताला रोज एक तास हवा असेल तर तो तिच्याशी बोलून ठरवा. शिवाय तुम्हाला हव्या असलेल्या आर्किटेक्चरच्या नाटा या प्रवेशपरीक्षेतही चित्रकलेची चाचणी असते. सराव बंद करून तुम्ही तुमचीच वाट अडवताय.

आता ‘पडदे रंगवणं’ याबद्दल. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर संगीत नाटकांचे पडदे रंगवत, तेव्हा हे वर्णन बरंचसं खरं होतं. आजचा नेपथ्यकार मुख्यतः जागा आखतो. नाटक वाचून कोण कुठून येतो, कुठे बसतो, याची यादी करायची. मग ग्राउंड प्लॅन, मग 1:25 चं मॉडेल. त्यात 30 फुटी रंगमंच साधारण 37 सेंटिमीटरचा होतो आणि सहा फुटी माणूस सव्वासातचा. पहिल्या रांगेतल्या दोन टोकांच्या खुर्च्यांवरून रेषा ओढून पाहायची. चांगली चित्रकार मुलं इथेच चुकतात. मधल्या खुर्चीतून देखणं दिसणारं चित्र काढतात आणि कडेच्या प्रेक्षकाला विंगेत उभा नट दिसतो. दार रंगमंचाच्या बाजूला उघडलं तर पल्ला नटालाच झाकतो. भिंतीवरचा सुंदर लाल रंग निळ्या प्रकाशात काळपट पडतो, म्हणून रंगाचे नमुने दिव्यांखाली धरून बघावे लागतात. आणि वजन! 8 बाय 4 फुटी फ्लॅटला, म्हणजे सेटची भिंत होणाऱ्या लाकडी चौकटीला, 6 मिलिमीटरचा प्लाय लावला तर चौकट सोडून नुसता प्लायच दहा-बारा किलोंचा होतो. दौऱ्याच्या नाटकात तो रोज टेम्पोत चढतो-उतरतो. तिथे कापड ताणलेला फ्लॅट बरा.

त्यामुळे आर्किटेक्चर वाया जात नाही. प्लॅन, सेक्शन, मोजमाप तिथे पक्कं होतं. पण पाच वर्षं तिनं स्वतः निवडलेली हवीत. दुसरी वाट बीएफएची, म्हणजे कलेच्या पदवीची, त्यासाठी राज्याची कला सीईटी. पदवीनंतर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तिथे नाटकांत प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव लागतो, म्हणून कॉलेजात गेल्यावर एकांकिकांचं नेपथ्य तिनं सोडू नये.

पैशांचं स्पष्ट सांगतो. फक्त नाटकांवर घर चालवणं अवघड आहे. बहुतेक जण मालिका-चित्रपटांचा कला विभाग, प्रदर्शनं, कार्यक्रमांचे मंच अशी कामं जोडीला करतात. नेपथ्याचं मानधन एकरकमी की दर प्रयोगामागे, हे काम सुरू होण्याआधी लेखी ठरवायची सवय तिला पहिल्यापासून लावा.

परीक्षा झाली की भावे नाट्यमंदिरात दौऱ्यावर आलेल्या एखाद्या नाटकाच्या व्यवस्थापकांची परवानगी काढा आणि प्रयोगाच्या तीन-चार तास आधी दोघं जा. सेट लागताना पाहा. तिच्या हातात टेप आणि वही असू द्या. प्रयोग संपल्यावर लगेच घरी निघू नका. सेट सुटताना प्रत्येक जोड कुठे होता, बिजागरीची खीळ कुठून निघते, कोणता तुकडा टेम्पोत आधी जातो, हे तेव्हाच दिसतं.