वाचकांचे प्रश्न : स्पीच थेरपीचे शिक्षण

प्रश्न : मी यंदा मानसशास्त्रात बीए झाले. बारावी कला शाखेतून केली. आता स्पीच थेरपीत दोन वर्षांची एमएस्सी करून गोव्यातच काम करायचे आहे. म्हैसूर बरे की मुंबई? (फोंडा)

उत्तर : शहर नंतर ठरवा, आधी पात्रता पाहा. भारतात या एमएस्सीला बीएएसएलपी ही श्रवण आणि वाचा उपचारांची पदवी लागते. मानसशास्त्राच्या बीएवर प्रवेश मिळत नाही. बीएएसएलपी चार वर्षांची : तीन वर्षे वर्ग आणि क्लिनिक, चौथे वर्ष इंटर्नशिपचे. तिला बारावी विज्ञान लागते आणि तुमची गाडी तिथेच अडते. मुक्त विद्यालयातून पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र देता येते, पण ते चालेल का हे त्या संस्थेकडून आधी लेखी घ्या. म्हैसूरची ‘आयश’ (अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था) आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था या दोन्ही केंद्र सरकारच्या. कुठेही शिका, काम करायला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी हवीच.

अमेरिकेत मात्र इतर विषयांच्या पदवीधरांनाही मास्टर्सला घेतात. आधी ध्वनिविज्ञान, वाचेची शरीररचना, भाषाविकास असे पायाचे विषय करावे लागतात. पुढे ४०० तासांचे क्लिनिकल काम : २५ निरीक्षणाचे, ३७५ प्रत्यक्ष रुग्णासोबतचे. अहवाल लिहिण्यात गेलेली संध्याकाळ त्यात धरत नाहीत, आणि सुपरवायझरची सही नसलेले तास वाया जातात. सही आठवड्याच्या आठवड्याला घ्यावी; सत्र संपल्यावर कोणाला काही आठवत नसते. शिवाय प्रॅक्सिस या तिथल्या पात्रता परीक्षेत १६२ गुण आणि किमान ३६ आठवड्यांची फेलोशिप, म्हणजे देखरेखीखालचे काम. खर्च मोठा आहे, आणि गोव्यात परतायचे असेल तर आरसीआयचा प्रश्न उरतोच. त्यामुळे हा मार्ग तुम्हाला सुचवणार नाही.

एक वर्षाचा डीएचएलएस (श्रवण, भाषा आणि वाचा) डिप्लोमा ‘स्पीच थेरपिस्ट बना’ म्हणून कोणी गळ्यात मारील. तो सहायकाचा अभ्यासक्रम आहे. स्वतंत्र निदान करता येत नाही.

प्रश्न : इंटर्नशिपला कोकणी-मराठी घरातली मुले येतात. उच्चार तपासताना चुका कुठे होतात? (डिचोली)

उत्तर : बहुधा ‘च’वर. ‘चार’मधला च टाळूचा, ‘चाक’मधला दातांजवळचा. इंग्रजी तक्त्यावर हात बसलेला इंटर्न मुलाचे ‘चाक’ ऐकतो आणि फुली मारतो. मूल बरोबर असते. ‘ज’चेही तसेच : ‘जीव’ आणि ‘जाळे’ म्हणून पाहा. म्हणून चित्र दाखवण्याआधी तोच शब्द आईकडून किंवा आजीकडून म्हणवून घ्या. घरात जसा बोलतात तसा नमुना धरा, पुस्तकातला नव्हे. घरी कोकणी आणि शाळेत मराठी असेल तर दोन्ही भाषांत वेगवेगळी नोंद ठेवा. चूक दोन्हीकडे दिसली तरच ती उच्चारदोष म्हणून लिहा. रेकॉर्डिंग पालकांना विचारूनच करा, आणि तेवढा वेळ पंखा बंद ठेवा. त्याच्या घरघरीत ‘स’ आणि ‘श’ वेगळे ऐकू येत नाहीत.