मॉडरेशन: बेताने, नेमस्त की मंदायक?

एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘आंबे खा, पण मॉडरेशनमध्ये’, असं डॉक्टर म्हणाले. याला मराठीत काय म्हणायचं? कोशात ‘संयम’ सापडला, पण तो आंब्यांबरोबर जाईना.

जाणार नाहीच. संयमात मन आवरणं आलं. इथे आवरायचं नाही, मोजून खायचंय. मूळ लॅटिन ‘मोडस’ म्हणजेच माप. तेव्हा आंबे सरळ बेताने खा. ‘प्रमाणात’ही चालेल, पण त्याला दवाखान्याचा वास येतो. भारदस्त हवं असेल तर ‘मित’ आहे: संस्कृत ‘मा’ म्हणजे मोजणं, त्यावरून मिताहार, मितभाषी. गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या ‘युक्ताहारा’वर ज्ञानेश्वर लिहितात, ‘आहार तरी सेविजे, परी युक्तीचेनि मापें मविजे’. माप आलंच! (‘बेताचा’ मात्र जपून वापरा. ‘पगार बेताचा’ म्हटलं की तो पुरत नाही असाच अर्थ होतो.)

राजकारणातला मॉडरेट वेगळा. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली, त्यातले टिळक जहाल आणि गोखले, फिरोजशहा मेहता मवाळ, हे आपण शाळेत घोकलं. मला ‘मवाळ’ अन्यायाचा वाटतो. त्यात मऊपणा आहे, दुसऱ्यानं दाबलं की दबणं आहे. याच मंडळींना ‘नेमस्त’, म्हणजे मर्यादा राखून चालणारे, असंही म्हणत. तो शब्द मागे पडला हे वाईट झालं.

हवामान खात्याचा मॉडरेट पाऊस म्हणजे ‘मध्यम’, त्यावर चर्चा नको. बोर्डाच्या परीक्षेत मॉडरेटरला ‘नियामक’ म्हणतात, त्याच्यावर मुख्य नियामक. परीक्षकानं दिलेले गुण सैल किंवा कडक पडलेत का, हे तो तपासतो.

सगळ्यात गंमत अणुभट्टीत आहे. तिथल्या मॉडरेटरला ‘मंदायक’ म्हणतात. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांत हे काम जड पाणी करतं. नावावरून वाटतं, हा भट्टी थंडावत असणार. पण अणू फुटताना सुटणारे न्यूट्रॉन फार वेगानं धावतात. त्यांचा वेग उतरला की ते युरेनियमच्या पुढच्या अणूला फोडण्याची शक्यता वाढते आणि साखळी चालू राहते. भट्टी आवरायला नियंत्रक कांड्या वेगळ्या असतात. मंदायक मंद करतो तो न्यूट्रॉनला, भट्टीला नव्हे.