सर्वांत ठळक रेषेवर विसंबू नकोस

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम नमस्कार.

तुझा आलेख पाहिला. भट्टीतील मिठाच्या वाफेतून अवरक्त लेसर पाठवून पहिल्याच आठवड्यात इतक्या स्वच्छ रेषा मिळाव्यात, हे कौतुकाचे आहे. मात्र सर्वांत ठळक रेषांना तू सोडियम क्लोराइडचा (मिठाचा) मूळ पट्टा, म्हणजे तळपातळीतून पहिल्या उत्तेजित पातळीवर जाताना होणारे शोषण, म्हटले आहेस, ते मला पटलेले नाही.

या रेणूचे कंपन मंद, म्हणजे सुमारे 361 प्रतिसेंटीमीटर (तरंगसंख्येचे एकक) इतकेच असल्यामुळे 1000 केल्विनला पहिल्या उत्तेजित पातळीवर तळपातळीच्या जवळजवळ 60 टक्के रेणू असतात. आणि तेथून दुसऱ्या पातळीवर जाणाऱ्या संक्रमणाची तीव्रता मुळातच दुप्पट असल्याने हा ‘उष्ण पट्टा’ मूळ पट्ट्यापेक्षा किंचित अधिकच शोषण करतो. त्यात क्लोरीनचे दोन समस्थानिक, म्हणजे हलके व जड अशी दोन रूपे. क्लोरीन-37 च्या रेणूचा मूळ पट्टा सुमारे 4 प्रतिसेंटीमीटर खाली सरकतो, क्लोरीन-35 चा पहिला उष्ण पट्टा साडेतीनने, म्हणून दोघांचे मध्य 357 च्या आसपास जवळजवळ एकमेकांवर येतात. विद्यार्थिदशेत मी यांची अदलाबदल केली होती आणि तीन महिने चुकीचे स्थिरांक घासूनपुसून लखलखीत करत बसलो होतो.

लगतच्या रेषांमधील अंतर साधारण 0.43 प्रतिसेंटीमीटर असते आणि जड रेणूच्या मूळ पट्ट्यात ते हलक्याच्या उष्ण पट्ट्यापेक्षा दीडेक टक्क्याने कमी भरते. डॉप्लर रुंदी (रेणूंच्या धावण्यामुळे रेषेला येणारी जाडी) 0.001 च्या घरात असल्याने हा फरक सहज मोजता येतो, पण एकाच जोडीवरून निकाल देऊ नकोस, कारण परिवलनाचा (रेणूच्या स्वतःभोवती फिरण्याचा) क्रमांक वाढत गेला की आर शाखेतील, म्हणजे तो क्रमांक एकाने वाढवणाऱ्या रेषांच्या मालिकेतील, अंतर आपोआपच घटते आणि दोन रेषा पुढे गेल्यावर तेवढाच फरक पडतो. लांब मालिका हवी. अडचण अशी की शिसे-क्षारांचा डायोड लेसर एका मोडमध्ये (प्रकाशाच्या एकाच कंपनरूपात) जेमतेम एखादा प्रतिसेंटीमीटर सलग फिरतो, म्हणजे दोन-तीनच रेषा हाती लागतात. मधल्या फटी सूक्ष्मलहरी वर्णपटातून आधीच मिळालेल्या परिवलन स्थिरांकांनी भरून काढ आणि प्रत्येक तुकड्यासोबत संदर्भवायूच्या (ज्याच्या रेषांची जागा आधीच अचूक ठाऊक आहे अशा वायूच्या) रेषा नोंदव.

खिडक्यांबाबत एकच सांगतो. मिठाचा स्फटिक 650 प्रतिसेंटीमीटरच्या खाली अपारदर्शक असतो, त्यामुळे मिठाच्या रेणूंकडे मिठाच्याच खिडकीतून पाहता येत नाही. सीझियम आयोडाइड वापर, भट्टीपासून दूर व थंड ठेव, आणि वाफ तिथवर पोहोचू नये म्हणून आर्गॉन भर.

उत्तेजित पातळ्यांवरचे हेच मीठ 2019 साली चिलीतील ‘आल्मा’ या रेडिओ दुर्बिणीला मृग नक्षत्रातील एका तरुण ताऱ्याभोवतीच्या चकतीत आढळले. तेव्हा उष्ण पट्ट्यांना उपद्रव समजून वगळू नकोस. चौथ्या-पाचव्या पातळीपर्यंत माग काढ आणि नवी यादी पाठव.

तुझा,
मार्गदर्शक