उकरू नका, मुसळी झोपली आहे

प्रश्न : ताई, मैत्रिणीने दिलेला काळ्या मुसळीचा गड्डा जूनमध्ये कुंडीत लावला. पावसाळ्यात चार-पाच पिवळी फुलं आली. दिवाळीनंतर पानं वाळत गेली, आता कुंडीत नुसती माती आहे. रोज तांब्याभर पाणी घालते, तरी काही हालचाल नाही. गेली का? उकरून बघू?

उत्तर : उकरू तर नकाच, पण आधी तो तांब्या आवरा. काळी मुसळी वर्षानुवर्षं जगते, पण बाराही महिने दिसत नाही. सह्याद्रीच्या रानात पाऊस सरला की तिची पानं जातात आणि जमिनीत उभ्या गेलेल्या काळ्या गड्ड्याच्या जिवावर ती उन्हाळा काढते. तेव्हा तिला ओलावा नकोच असतो. मीही पहिल्या वर्षी पाणी घालत राहिले. फेब्रुवारीत न राहवून खुरपं घातलं, तर हाताला लिबलिबीत गोळा लागला. वास विचारू नका.

कुंडी सावलीत सरकवा. माती अगदीच भुगा झाली तर पंधरवड्याने वाटीभर पाणी, बस. आणि कुंडीवर पाटी लावा. आमच्याकडे ‘रिकामी’ कुंडी म्हणून कोणीतरी त्यात कोथिंबीर पेरली होती!

पावसाला सुरुवात झाली की सुपारीच्या रोपासारखं चुण्यांचं पान वर येईल. ते गवत समजून उपटू नका (हेही मी केलंय). फूल सहा पाकळ्यांची चांदणी, तीही अगदी मातीला टेकून. म्हणून वर पालापाचोळ्याचा जाड थर नको, नाहीतर फुलं खालीच राहतात. फुलाखाली देठ वाटतो तो खरा देठ नव्हे, फुलाचाच लांबट भाग आहे. बीजकोश पानांच्या बुडाशी मातीत दडलेला असतो. फूल खुडलंत तर बी धरायचं नाही.

आणखी रोपं हवीत म्हणून रानातून मात्र आणू नका. औषधासाठी उपटून उपटून तिथे ती विरळ झाली आहे. काष्ठौषधीच्या दुकानातला वाळका गड्डा उगवत नाही. त्यापेक्षा भर पावसात एखादं लांब पान वाकवा, टोक ओल्या मातीला टेकवून वर खडा ठेवा. त्या टोकालाच मुळं फुटतात आणि इवलंसं रोप धरतं. ते स्वतःची दोन-तीन पानं काढेपर्यंत आईपासून तोडू नका.