फ्रॉकच्या घेराला चुण्या की निऱ्या?

प्रश्न असा आलाय की दिराच्या लग्नात लेक फ्लॉवर गर्ल होणार आहे, तिचा फ्रॉक घरीच शिवायचाय, व्हिडिओत गॅदर्स आणि प्लीट्स असे दोन वेगळे शब्द येतात पण आई दोन्हीला चुण्या म्हणते आणि सासूबाई दोन्हीला निऱ्या, तर मराठीत हा फरक आहे की नाही?

आहे, आणि चांगला पक्का आहे. गॅदर्स म्हणजे चुण्या, प्लीट्स म्हणजे निऱ्या. पटत नसेल तर नुसती क्रियापदं लावून बघा. चुण्या 'पडतात'. बॅगेत कोंबलेल्या ओढणीला कुणी काही न करता चुण्या पडतात. निऱ्या कधी 'पडत' नाहीत, त्या घालाव्या लागतात, आणि नीट खोचल्या नाहीत तर 'सुटतात'. साडी नेसताना आपण बोटांनी माप धरून एकावर एक सारखी घडी घेतो ना, ती निरी. म्हणजे निरीत मोजमाप आलं, चुणीत नाही. चुण्या घालतो तेव्हाही आपण फक्त दोरा ओढतो, कापड कुठे कसं गोळा व्हायचं ते त्याचं तोच ठरवतो.

शिवतानाही हा फरक हाताला लगेच कळतो. चुण्यांसाठी मशीनवर टाका सगळ्यात मोठा ठेवून घेराच्या वरच्या कडेला दोन समांतर टिपा मारायच्या आणि खालच्या, म्हणजे बॉबिनच्या दोऱ्यांची टोकं हलक्या हाताने ओढायची (दोन टिपा माराच, मी पुतणीच्या फ्रॉकला एकच मारली होती आणि दोरा ऐन अर्ध्यात तुटला, सगळं पहिल्यापासून करावं लागलं). कंबर 22 इंच असेल तर दुप्पट म्हणजे 44 इंचाचा घेर छान दिसतो, नेट असेल तर तिप्पटही खपून जातो कारण ते पातळ असतं. एकाला एक लागून निऱ्या घालायच्या असतील तर मात्र कुठलंही कापड तिप्पटच लागतं, 66 इंच, कारण प्रत्येक निरीत कापडाचे तीन थर येतात. शिवाय निरीवर इस्त्री फिरवून कड बसवायची असते, आणि चुण्यांवर तशी दाबून इस्त्री केलीत तर सगळा फुगाच बसतो. म्हणून व्हिडिओतला शब्द मराठीत आणताना चुकलं तर नुसता शब्द चुकत नाही, कापडही कमी पडतं.

झालरीचं पण विचारलंयत. झालर म्हणजे फ्रिल, ती जोडलेली पट्टी अख्खी. चुण्या त्या झालरीला असतात. तेव्हा 'खाली चुण्या लावल्या' असं न म्हणता 'खाली चुण्यांची झालर लावली' म्हणा. खालची कड आत वळवून शिवतो ती दुमड किंवा मुरड, हौसेला मुरड घालतो त्यातलीच. आतून लावतो ते अस्तर, हा फारसीतून आलेला शब्द, आणि बटणाचं काज पोर्तुगीजमधून, त्यांच्या कासा म्हणजे घर या शब्दावरून. बटणाचं घर! मला हा शब्द फार आवडतो.

तुम्ही 'सीम अलाउन्स' असं लिहिलंयत, त्याला मात्र आपल्याकडे इतका सुंदर शब्द आहे की तो वापराच: माया. शिवणीच्या आत जास्तीचं कापड राखून ठेवतात ती माया. 'माया सोडली आहे', 'माया ठेवून काप' असं शिवणारे सगळे म्हणतात, आणि वाढत्या अंगाच्या पोरीच्या कपड्यात ती हवीच. बाजूच्या शिवणींत इंचभर तरी माया ठेवा. कंबरेला चुण्याच घाला असं माझं मत, कारण पुढे पोरगी भरली तर कंबरेची शिवण उसवून चुण्या थोड्या सैल करता येतात आणि तोच घेर परत बसतो, निऱ्या असतील तर एकूणएक निरी पुन्हा मोजावी लागते.