युग्मक एकटा, मग नाव जोडीचं का?

प्रश्न असा आहे: 'युग्म म्हणजे जोडी. मग ज्या पेशीत गुणसूत्रांची जोडीच उरलेली नसते, तिला युग्मक का म्हणायचं? आणि मराठी पुस्तकांतलं "अर्धगुणसूत्री विभाजन" बरोबर की हिंदीतलं "अर्धसूत्री"?'

युग्मक म्हणजे शुक्रपेशी किंवा अंडपेशी, ती ज्यातून बनते ते अर्धगुणसूत्री विभाजन, आणि गुणसूत्रं म्हणजे पेशीतले आनुवंशिक गुण वाहणारे धागे. शिकवणीच्या व्हिडिओंमधले गैरसमज ऐकून कान किटले आहेत, म्हणून आधी तेच घेतो. युग्मक म्हणजे 'दोन पेशींची जोडी' नव्हे. जोडी झाली की तो युग्मनज, म्हणजे फलित अंडं. आणि अर्धगुणसूत्री म्हणजे 'अर्धवट' विभाजनही नव्हे. उलट इथे पेशी एक सोडून दोनदा विभागते. गुणसूत्रांची नक्कल मात्र एकदाच होते, आणि सगळी मेख तिथेच आहे. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडचं, एक वडिलांकडचं. पहिल्या विभाजनात जोडीदार एकमेकांपासून सुटून दोन पेशींत जातात. दुसऱ्यात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन नकला वेगळ्या होतात. एका पेशीच्या चार होतात, प्रत्येकीत २३ गुणसूत्रं. एकही गुणसूत्र अर्धं झालेलं नसतं, त्यांची संख्या अर्धी होते. सुटण्याआधी जोडीदार एकमेकांना बिलगून तुकड्यांची अदलाबदल करतात. ती बाजूला ठेवली तरी कोणत्या जोडीतलं कोण कुठे जाईल याच्या शक्यता २ चा २३ वा घात, म्हणजे ८३,८८,६०८ होतात. (चौऱ्याऐंशी लक्ष योनींशी हा आकडा कृपया जोडू नये. तो योगायोग आहे.) फार्मर आणि मूर या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञांच्या जोडगोळीने १९०५ मध्ये 'घट' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या विभाजनाला मायोसिस हे नाव रूढ केलं. मला ते कोतं वाटतं. घट मोजली, पण हे एवढं मोठं फेरवाटप नावात आलंच नाही.

आता युग्मक. मूळ इंग्रजी शब्द गॅमीट. ग्रीकमध्ये 'गामेतेस' म्हणजे नवरा, 'गामेते' म्हणजे बायको, आणि 'गामेइन' म्हणजे लग्न करणं. या घराण्यात ग्रीक 'गाम्ब्रोस', म्हणजे जावई, बसतो. त्याच्या शेजारी लॅटिन 'गेनेर', अवेस्तातला 'झामातर', फारसी 'दामाद' आणि संस्कृत 'जामातृ' ठेवा; अर्थ सगळ्यांचा जावईच. जामातृ प्राकृतातून घासत घासत आपल्याकडे आला तो 'जावई'. म्हणजे गॅमीट हा आपल्या जावयाच्या भावकीतला! ध्वनिबदलांचा हिशेब तंतोतंत लागत नाही म्हणून काही पंडित या नात्याला नाकं मुरडतात. पाच भाषांत तोच अर्थ आणि इतकी जवळची रूपं समोर असताना ही कुरकुर मला पटत नाही.

यास्काचार्य निरुक्त या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या ग्रंथात वेगळंच सांगतात: 'जा' म्हणजे अपत्य, ते निर्माण करणारा तो जामाता. व्युत्पत्ती म्हणून हे मला मान्य नाही. शब्दाची फोड करून अर्थ बसवण्याचा तो प्रकार आहे. पण शुक्रपेशीचं आणि अंडपेशीचं वर्णन म्हणून यापेक्षा नेमकं काही सापडणार नाही.

युग्मकातही हाच रोख आहे. नवरा एकटा असला तरी तो नवराच, कारण नाव नात्यावरून पडलंय. तशी ही पेशी युग्म होण्यासाठी निघालेली. व्हान बेनेडेन या बेल्जियन जीवशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये घोड्याच्या आतड्यातल्या जंतात हे डोळ्यांनी पाहिलं: अंडपेशीकडून दोन गुणसूत्रं, शुक्रपेशीकडून दोन, आणि फलित अंड्यात चार. ज्यांना 'युग्मक' चुकीचा वाटतो त्यांनी माणसाची अंडपेशीही पाहावी. तिचं पहिलं विभाजन मुलगी आईच्या पोटात असतानाच सुरू होतं, मध्येच थांबतं आणि वयात आल्यावर अंडमोचनाच्या वेळी पुरं होतं. दुसरं विभाजन तर शुक्रपेशी आत शिरल्याशिवाय पुरं होतच नाही. पुरुषात एका पेशीपासून चार शुक्रपेशी बनतात. इथे मात्र जवळजवळ सगळा पेशीद्रव एकाच अंडपेशीच्या वाट्याला येतो आणि उरलेल्या चिमुकल्या पेशी विरून जातात. जोडीदार आल्यावरच जिचं घडणं पूर्ण होतं, तिला युग्मक म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

युग्मनजाचा ग्रीक भाऊ झायगोट. त्यातला 'झुगॉन', संस्कृत 'युग' आणि बैलाच्या मानेवरचं मराठी 'जू' एकाच मुळाचे. इथे मात्र पंडितांचंही दुमत नाही.

राहता राहिलं अर्धसूत्री. मराठीत 'अर्धगुणसूत्री'च लिहावं. 'सूत्री विभाजन' हे मायटोसिसला, म्हणजे गुणसूत्रांची संख्या तीच राहणाऱ्या नेहमीच्या पेशीविभाजनाला शोभतं (हे नाव जीवशास्त्रज्ञ फ्लेमिंगचं), कारण 'मिटोस' म्हणजे धागाच. पण 'अर्धसूत्री' वाचून मुलांना अर्धा तुटलेला धागा दिसतो, आणि तसं काही होत नाही.